कुंदाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. चौकोनी, एका कोपऱ्याला पोचा आलेला, आणि झाकणावर तांबड्या रंगानं 'कुंदा' असं नाव लिहिलेला. बेळगाव-निपाणीकडच्या माणसानं हे नाव वाचलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, कारण कुंदा ही इकडची खव्याची नावाजलेली मिठाई. घरी येणारा पाहुणा फळीवरच्या माझ्याकडे एकदा तरी आशेनं बघतोच. एका पाहुण्यानं तर बायडाबाई चहा करायला आत गेल्या तेवढ्यात माझं झाकण उघडलं होतं. आत कापडाच्या घड्या, कापूस आणि कुत्र्याच्या तोंडाला बांधायची पट्टी बघून त्याचं तोंड असं झालं, की मला पोट धरून हसावंसं वाटलं. पण पत्र्याच्या डब्यानं हसायचं म्हणजे खडखडायचं, आणि मग चोरी उघडी पडायची. म्हणून गप्प बसलो.

माझ्यावरचं नाव मिठाईचं नाही. ते एका कुत्रीचं आहे, आणि मी तिच्या औषधपाण्याचा डबा आहे.

जन्मापासून मात्र मी हा नव्हतो. निपाणीच्या बाजारात एका पत्रेवाल्यानं गोडेतेलाचा रिकामा डबा कापला, ठोकला, त्याच्या कडा वळवल्या, बिजागरी लावून झाकण बसवलं आणि मी तयार झालो. हातोडीचे घाव सोसताना वाटत होतं की आपण कुणा सावकाराची तिजोरी होणार. झालो तंबाखूचा डबा. पहिल्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पण लवकरच कळलं की निपाणीत तंबाखूच्या डब्याला कमी समजायचं कारण नाही. कितीतरी घरांतली चूल त्याच्याच जिवावर पेटत होती.

मला विकत घेतलं बायडाबाईंनी. त्या विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं, एका बाजूला दोऱ्याचं रीळ आणि उजव्या हाताशी मी. चिमूटभर तंबाखू घ्यायची, पानावर पसरायची, पान वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं त्यांची बोटं करायची आणि डोळे मात्र दाराबाहेर असायचे. नवरा ऐन उमेदीत गेला. पदरात एकच मुलगी, उपासना. ती माझ्या झाकणावर वही ठेवून पाढे लिहायची. पेन्सिल जोरात टेकली की मी टणटण वाजायचो आणि बायडाबाई म्हणायच्या, "हळू लिही गं, तंबाखू उडती." पाढे लिहिणारी ती पोरगी पुढे शिकत शिकत बेळगावच्या एका कॉलेजात प्राध्यापिका झाली आणि तिथंच जवळ हिंडलग्याला घर करून राहिली. त्या नोकरीत माझाही वाटा आहे असं मी मनातल्या मनात धरून चालतो.

उपासना दर सुट्टीला यायची आणि तेच म्हणायची, "आई, आता बास कर विड्या. माझ्याकडं चल."

"तिकडं येऊन काय करू? तू कालेजात गेलीस की भिंतीसंगं बोलत बसू?"

"मग निदान काम तरी सोड."

"हातास्नी सवय हाय गं. रिकामं ठेवलं की ठणकत्यात."

शेवटी उपासनानं दुसरी वाट काढली. एके दिवशी ती आली ती खांद्याला पिशवी लावून, आणि पिशवीतून एक ओलं नाक बाहेर डोकावत होतं. पिलू तपकिरी रंगाचं होतं, अगदी कढईतून नुकत्या काढलेल्या कुंद्यासारखं, म्हणून उपासनानं नाव ठेवलं कुंदा. बायडाबाई कडाडल्या, "घरात एक तोंड कमी पडलं व्हय खायाला? घिऊन जा परत!" संध्याकाळी बघतो तर पिलू सुपात झोपलेलं, आणि त्याला जाग येऊ नये म्हणून बायडाबाई काम सोडून बसलेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं रिकामं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

कुंदाचं आणि माझं मात्र पहिल्यापासून जमलं नाही. ती यायची, मला हुंगायची आणि फटकन शिंकायची. मागं सरायची, पुन्हा यायची, पुन्हा शिंकायची. बायडाबाईंना त्याचं कोण हसू! काम आटोपून, हात धुऊन त्या उंबऱ्यावर बसल्या की कुंदा शेजारी येऊन त्यांचे तळवे चाटायची. एक हात झाला की नाकानं ढकलून दुसरा मागायची. चिमटीत दोरा ओढून ओढून घट्टे पडलेले ते हात आतापर्यंत कुणी असे कुरवाळले नव्हते. बायडाबाई तेव्हा नुसत्या बसून राहायच्या.

आता ज्या दिवसानं आमचं सगळं घर हलवलं, त्या दिवसाकडे येतो.

पलीकडच्या गल्लीतल्या कुत्र्यांशी भांडण होऊन कुंदाच्या मागच्या मांडीला जखम झाली होती. जखम काही फार मोठी नव्हती, पण उन्हाळ्याचे दिवस आणि त्यावर माश्या. शेजारच्या गुणाबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "बायडाक्का, तंबाखू भर की. आळ्या पडल्या म्हंजे मग बोंबलत बसशील."

बायडाबाईंना हे सांगायची गरजच नव्हती. जनावराच्या जखमेत तंबाखू भरायची ही इकडची जुनी रीत. त्यांच्या वडिलांनी मालकाच्या बैलांचे जुवानं सोललेले खांदे असेच बरे केले होते. त्यांनी माझं झाकण उघडलं, चांगली मूठभर तंबाखू घेतली, पाण्याचा हात लावून तिचा लगदा केला आणि कुंदाच्या जखमेत भरला. किती मायेनं भरला, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण मित्रांनो, बैलाला आपला खांदा चाटता येत नाही. कुंदाला आपली मांडी चाटता येत होती. एवढा फरक कुणाच्याच ध्यानात आला नाही.

थोड्या वेळानं कुंदाच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मग ती ओकली. मग तिचे पाय थरथरायला लागले, आणि उभं राहायला गेली ती भिंतीवर आदळली. बायडाबाई ओरडल्या. गुणाबाई धावत आल्या. "काय तरी चावलं असंल, मिठाचं पाणी पाज!" म्हणून दोघींनी तिचा जबडा उघडून पाणी ओतलं, तशी ती ठसकून जास्तच तडफडायला लागली. तिला कुठं न्यायचं, कुणाला बोलवायचं, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. शेवटी गल्लीतल्या भरमाची रिक्षा आली. बायडाबाईंनी कुंदाला पोटाशी धरलं आणि जाता जाता मलाही उचललं. जखमेतलं औषध पडून गेलं तर परत भरायला हवं, असा त्यांचा हिशेब.

भरमा म्हणाला, "अक्का, बोरगावला गुराचा डाक्टर हाय." गेलो बोरगावला. ते डॉक्टर कुठल्याशा वस्तीवर गाय बघायला गेले होते. तिथं कुणी म्हणालं, चिकोडीला न्या. रिक्षा वळवली. वाटेत भरमानं चहाच्या टपरीवर विचारलं, तर टपरीवाला हसून म्हणाला, "निपाणीत नवीन डाक्टरीणबाई आल्यात की कुत्र्याच्या! तुमच्याच पेठेमागं." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. जिच्यासाठी धावत होतो ती रिक्षात मान टाकून पडली होती, आणि आम्ही तिचा जीव रस्त्यांवर सांडत फिरत होतो.

दवाखान्यात तेजस्वी नावाच्या डॉक्टर होत्या. वयानं लहान, पण हात चालायला लागले की बोलणं कमी. कुंदाला टेबलावर घेत त्यांनी विचारलं, "मावशी, काय खाल्लं हिनं?"

"काय न्हाय हो. सकाळपासनं भाकरीचा तुकडा बी न्हाय."

"उंदराचं औषध? पिकावरचं काही?"

"न्हाय, न्हाय. आमच्यात असलं काय ठेवत न्हाय."

डॉक्टरांनी वाकून कुंदाचं तोंड हुंगलं. "तंबाखूचा वास येतोय."

"निपाणीत कशाला येत न्हाय, बाई?" भरमा म्हणाला.

तेही खोटं नव्हतं. बायडाबाईंच्या लुगड्याला, अंथरुणाला, भिंतींना तोच वास. जो वास कायमचा नाकात असतो तो येतच नाही.

"जखमेत काय भरलंय हे?"

"औषध." बायडाबाईंनी मला टेबलावर ठेवलं. "ह्यातलं. अजून लागंल म्हणून संगं आणलंय."

डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि चिमूटभर तंबाखू बोटांत धरून बघितली. मग म्हणाल्या, "मावशी, हिनं हे चाटलंय. हे हिच्यासाठी विष आहे."

बायडाबाईंना राग आला नाही. त्यांना ते समजलंच नाही. त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, ह्या तंबाखूवर माझी पोरगी शिकली. ह्याच्यावर घर चाललं. त्यानं माझी कुत्री मरंल व्हय?"

डॉक्टर पाण्यानं जखम धुवायला लागल्या होत्या. जखम स्वच्छ केली, पायात सुई लावली, बाटली चढवली, इंजेक्शनं दिली. बायडाबाई कोपऱ्यात खाली बसून राहिल्या. मी टेबलावर उघडाच होतो, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्यात डोकावत होता. झाकण कुणी तरी लावेल तर बरं, असं मला वाटत राहिलं.

दिवस मावळायच्या सुमाराला कुंदाची थरथर थांबली. तिनं डोळे उघडले आणि शेपटीचं नुसतं टोक हलवलं. डॉक्टर म्हणाल्या, "वाचली. पण अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. जखमेला घरचं काही लावू नका. आणि तंबाखूचे हात तिला लावत जाऊ नका."

डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच. बायडाबाईंनी ऐकलं ते निराळं. त्यांनी ऐकलं, की तुमचे हात विषाचे आहेत.

घरी आल्यावर त्यांनी माझ्यातली तंबाखू उकिरड्यावर ओतली. सूप खिळ्याला टांगलं ते टांगलंच. उपासना इतकी वर्षं समजावत होती तेव्हा जे झालं नाही, ते एका संध्याकाळी झालं. कुंदा बरी झाली, पळायला लागली, आणि एके दिवशी उंबऱ्यावर येऊन तिनं आपलं नाक बायडाबाईंच्या हाताखाली घातलं. बायडाबाईंनी दोन्ही हात पदरात लपवले. "नगं बाई. मुरलंय ते ह्या हातात." कुंदानं पदर हुंगला, वाट बघितली, पुन्हा नाकानं ढकलून बघितलं. शेवटी ती त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडून राहिली. पुढे तीच तिची जागा झाली. बायडाबाई साबणानं घासघासून हात धुवायच्या, तिला भाकरी घालायच्या, पण ताटलीतून. हातानं कधी नाही. मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, तरी ते बघून मला भरून यायचं.

उपासना आली तेव्हा आईनं सांगितलं, "हिला तुझ्याकडं घिऊन जा. माझ्याजवळ ती जगायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी उपासना डॉक्टरांकडे जाऊन सगळं विचारून आली आणि म्हणाली, "आई, तुझी माया कमी पडली नव्हती. आपली तयारी नव्हती. चल, तयारी करूया." तिनं येताना प्लास्टिकची छान निळी पेटी आणली होती. बायडाबाईंनी ती बाजूला सारली आणि मला पुढे ओढलं. "ह्योच पायजे. ज्यानं मारायला घेतलं त्यानंच राखण करू दे."

मग माझी जी धुलाई झाली ती काय सांगू! राख झाली, चिंच झाली, साबण झाला, कडकडीत ऊन झालं. पुन्हा साबण, पुन्हा ऊन. माझ्या कोपऱ्याकोपऱ्यातून इतक्या वर्षांची तंबाखू निघाली. वास मात्र थोडासा राहिलाच, तेव्हा आतलं सगळं सामान जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं ठरलं. धुऊन उकळलेल्या जुन्या सुती लुगड्याच्या घड्या, कापूस, गुंडाळपट्टी, तोंडाला बांधायची मऊ पट्टी, बोथट टोकाची कात्री, जखम धुवायचं डॉक्टरांनी दिलेलं औषध, आणि रेबीजच्या लशीचं कार्ड. उपासनानं घरातली तापाची गोळीही टाकायला घेतली होती, पण तिलाच आठवलं. माणसाच्या गोळ्या आपल्याला विचारल्याशिवाय कुत्र्याला कधी द्यायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळी परत कपाटात गेली. माझ्या झाकणावर तांबड्या रंगानं कुंदाचं नाव आलं. त्याखाली डॉक्टरांचा, भरमाचा आणि उपासनाचा फोन नंबर, एवढ्या मोठ्या आकड्यांत की बायडाबाईंना चष्म्यावाचून दिसावेत.

डॉक्टरांना कुंदाचं वजनही हवं होतं, औषध त्यावर ठरतं म्हणून. ते करायला दोघी तंबाखूच्या वखारीतल्या काट्यावर गेल्या. आधी बायडाबाई कुंदाला कडेवर घेऊन चढल्या, मग एकट्या. काटेवाला म्हणाला, "अक्का, तंबाखूचं बोद सोडून आता कुत्री तोलायला लागलासा व्हय?" आणि सगळी वखार हसली. बायडाबाईही हसल्या. त्या घटनेनंतर मी त्यांचं हसू पहिल्यांदा ऐकलं.

मग सुरू झाली रंगीत तालीम. दुखण्यानं बेभान झालेलं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून मऊ पट्टीची सैल गाठ तोंडावर घालायची, टोकं हनुवटीखालून कानामागं नेऊन बांधायची. पण ओकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड कधीच बांधायचं नाही. हिरड्या उचलून रंग बघायचा. चांगल्या असताना गुलाबी असतात, हे एकदा पाहून ठेवलं की पांढऱ्या पडल्या तर ओळखता येतं. रक्त आलं तर कापड दाबून धरायचं. कापड भिजलं तरी ते काढायचं नाही, वरून दुसरं ठेवायचं. बायडाबाई कुरकुरायच्या, "कुत्र्यासंगं नाटक करायला लावलीस की गं म्हातारपणी!" पण करायच्या. हात लावताना मात्र जुन्या साडीचा तुकडा हाताला गुंडाळायच्या. 

कुंदाला तर हा खेळ फारच आवडला. "कुंदा, पट्टी!" म्हटलं की ती शेपटी हलवत यायची आणि पट्टीच्या फासात आपणहून नाक घालायची, कारण पट्टी सुटली की चपातीचा तुकडा ठरलेला.

दर पौर्णिमेला बायडाबाई विहारात वंदनेला जातात. तिथून आल्यावर पांढऱ्या लुगड्यातच मला खाली घ्यायचं, सगळं तपासायचं आणि एकदा तालीम करायची, असं उपासनानं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. काही पौर्णिमा हे नेमानं झालं. पण मित्रांनो, संकट येत नाही तोवर तयारी हे अडगळीचं दुसरं नाव असतं. परसातल्या दोडक्याच्या वेलाला बांधायला दोरी मिळाली नाही, तेव्हा माझ्यातली गुंडाळपट्टी गेली. "उद्या नवी आणती," असं बायडाबाई मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या होत्या. कात्री गवारीच्या शेंगा चिरायला गेली. गुणाबाईंनी दिव्याच्या वातींसाठी कापूस नेला. माझ्यावर धूळ बसली, आणि एका पालीनं माझ्यामागं संसार थाटला. तालीम तेवढी चालू राहिली, ती कुंदामुळे. तिला चपाती हवी असायची.

आणि एका भर दुपारी कुंदा दारातून आत आली ती तीन पायांवर. पुढच्या पंजातून रक्त नुसतं पडत नव्हतं, उडत होतं. गटाराच्या कडेला कुणी तरी फोडलेल्या बाटलीवर तिचा पाय पडला होता. उंबरा, फरशी, चुलीकडची भिंत, जिथं जाईल तिथं लाल.

बायडाबाईंनी मला फळीवरून खाली ओढलं. झाकण उघडलं. पट्टी नव्हती, कात्री नव्हती, कापूस नव्हता. त्यांनी एकदा परसातल्या दोडक्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगत नाही. तळाशी औषध, कार्ड, लुगड्याच्या घड्या आणि तोंडाची पट्टी एवढंच शिल्लक होतं.

त्यांनी घडी उचलली, हात पुढे केला, आणि कुंदानं दात दाखवले. बायडाबाईंचा हात मध्येच थांबला. दातांना त्या भ्यायल्या नव्हत्या. त्या आपल्या हाताकडे बघत होत्या. आज हाताला गुंडाळायला वेळ नव्हता.

तेवढ्यात गुणाबाई आल्या. "अगं बाई, केवढं रगत! तंबाखू भर बायडाक्का, थांबंल!"

"न्हाय."

"मग माझ्याकडची आणती."

"न्हाय म्हणते न्हवं!" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "त्यापरीस फोन घे. झाकणावर नंबर हाईत. डाक्टरीणबाईस्नी सांग, पाय कापलाय, रगत लई हाय, आम्ही निघालोय. मग भरमाला लाव."

आणि मग त्या खाली बसल्या, पट्टीचा फास केला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "कुंदा, पट्टी."

कुंदा गुरगुरायची थांबली. थरथरत होती, डोळे फिरत होते, पण तिनं मान खाली घातली आणि फासात नाक सरकवलं. बायडाबाईंनी कानामागं गाठ मारली. मग उघड्या हातांनी पंजा धरला आणि घडी दाबली. घडी भिजली. त्यांनी ती काढली नाही, वर दुसरी ठेवली. बांधायला काही नव्हतं, तेव्हा दातांनी आपला पदर फाडला, आणि त्या पट्टीनं पंजा असा गुंडाळला, जसा विडीला दोरा गुंडाळावा. घट्ट, सरळ, एकही सुरकुती नाही. हिरडी उचलून बघितली. फिकी होती, पांढरी नव्हती. "हाय गं, हाय. मी हाय," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

रिक्षा दारात आली तेव्हा कुंदाला चादरीत उचलून ठेवलं. या वेळी बोरगाव नाही, चिकोडी नाही, सरळ पेठेमागं. डॉक्टर दारातच उभ्या होत्या, सुई-दोरा मांडून. संपूर्ण वाटेत बायडाबाईंनी पंजावरचा हात सैल सोडला नव्हता. डॉक्टरांनी "आता सोडा" म्हटलं, तरी त्यांची बोटं उघडेनात.

टाके घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, ह्या हातांनी दाबून धरलं म्हणून ही टेबलापर्यंत जिवंत आली."

बायडाबाईंनी आपले दोन्ही तळवे वर केले आणि जणू पहिल्यांदाच बघत असाव्यात तशा त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

मित्रांनो, माझी गोष्ट इथंच आटोपते. आता माझ्यात दोन गुंडाळपट्ट्या आहेत, नवी कात्री आहे, आणि पालीनं बिऱ्हाड हलवलं आहे. गुणाबाईंना वातींसाठी कापूस आता बाजारातून आणावा लागतो. तुमच्या घरी कुत्रं असेल, मांजर असेल, तर माझं एवढं ऐका. त्याच्यावर माया करता तशी त्याच्यासाठी थोडी तयारीही करून ठेवा. डॉक्टर कुठं आहे ते आजच विचारून घ्या, नंबर मोठ्या आकड्यांत लिहा, आणि आपल्यासाठी चांगलं ते त्याच्यासाठीही चांगलंच, असं धरून चालू नका. डबा जुना असला तरी हरकत नाही. तो रिकामा नसावा.

आणि एक सांगायचं राहिलं. टाके निघाले त्यानंतरच्या पौर्णिमेला बायडाबाई विहारातून आल्या. पांढऱ्या लुगड्यात खाली बसल्या, मला पुढ्यात घेतलं, सगळं काढून पुसून पुन्हा भरलं. कुंदा आली. तिनं मला हुंगलं आणि नेहमीसारखी फटकन शिंकली. मग तिनं नाक बायडाबाईंच्या हाताखाली घातलं.

बायडाबाईंचा हात पदराकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग तो हळूहळू परत आला आणि कुंदापुढे उघडा झाला.

"घे बाई," त्या म्हणाल्या.

कुंदानं तळवा हुंगला. मी झाकण गच्च धरून वाट बघत होतो. ती शिंकली नाही. तिनं तो हात चाटला, सावकाश, घट्ट्याघट्ट्यावरून, आणि झाल्यावर नाकानं ढकलून दुसरा मागितला.